नकाब वापरणाऱ्या महिलांनी सरकारी खिडकीवर ओळख कशी पटवावी: तयारी, क्रम आणि नेहमीच्या चुका

हा लेख चेहरा झाकणारा नकाब किंवा बुरखा वापरणाऱ्या महिलांसाठी, त्यांच्यासोबत जाणाऱ्या घरच्यांसाठी आणि खिडकीच्या आत बसणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी आहे. चेहरा झाकून सरकारी कार्यालयात, दवाखान्यात किंवा बँकेत येऊ नये, असा कोणताही केंद्रीय कायदा भारतात नाही. मात्र जिथे व्यक्तीची ओळख पटवणे हाच कामाचा भाग आहे, तिथे ठरलेल्या टप्प्यावर चेहरा दाखवावा लागतो. ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत. दारावरच अडवणारा शिपाई त्यातले पहिले विसरतो, तर "आधारवर फोटो आहे ना, मग चेहरा कशाला?" असे म्हणणारे घरचे दुसरे विसरतात. बहुतेक खोळंबा नियमांमुळे होत नसून क्रम चुकल्यामुळे होतो, म्हणून पुढे क्रमावरच भर दिला आहे.

## १. चेहरा कुठे लागतो, हे आधी ठरवा

घराबाहेर पडण्यापूर्वी आपले काम पुढील तीनपैकी कोणत्या प्रकारात बसते, ते पाहावे.

पहिल्या प्रकारात चेहऱ्याची गरजच नसते. चौकशी करणे, अर्ज आवक खिडकीवर देऊन पोचपावती घेणे, सरकारी दवाखान्यात केसपेपर काढणे किंवा अंगठ्याचा ठसा जुळत असताना रेशन उचलणे ही कामे नकाब न उचलता होतात. दुसऱ्या प्रकारात कर्मचारी ओळखपत्रावरचा फोटो आणि समोरची व्यक्ती एकदा जुळवून पाहतो. मतदान, बँकेतील केवायसी, परीक्षा केंद्र आणि विमानतळ या प्रकारात येतात. तिसऱ्या प्रकारात नवा फोटो काढून तो नोंदीत कायमचा साठवला जातो. आधार, पासपोर्ट, वाहन परवाना आणि दस्त नोंदणी ही त्याची उदाहरणे आहेत. दुसऱ्या प्रकारात चेहरा क्षणभर दाखवायचा असतो, तर तिसऱ्या प्रकारात तो कागदावर राहणार असतो, आणि त्यामुळे दोन्हींची तयारी वेगळी असते.

सावधान: शाळा-महाविद्यालयांच्या गणवेशाबद्दलचे न्यायालयीन निकाल सरकारी खिडकीवर लागू करू नयेत. कर्नाटक उच्च न्यायालयाचा मार्च २०२२ चा निकाल असो किंवा मुंबईतील महाविद्यालयाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये दिलेला अंतरिम आदेश असो, ती प्रकरणे वर्गातील पेहरावाची आहेत. तहसील कार्यालयात किंवा दवाखान्यात त्यांचा आधार कर्मचाऱ्याने घेणे जितके चूक, तितकेच नागरिकाने घेणेही चूक.

## २. कागदांवरचे फोटो आणि नावे दुरुस्त करून घ्या

खिडकीवर चेहरा दाखवूनही काम अडते, तेव्हा कारण बहुधा कागदात असते. लग्नापूर्वीचा किंवा पंधरा वर्षांपूर्वीचा अंधुक फोटो असेल, तर समोरचा कर्मचारी पुन्हा पुन्हा निरखून पाहतो, दुसऱ्याला बोलावतो, आणि जे काही सेकंदांत संपायला हवे ते पाच माणसांसमोर लांबते. ज्या महिलेला चेहरा कमीत कमी वेळ दाखवायचा आहे, तिने ओळखपत्रावरचा फोटो सर्वात ताजा ठेवला पाहिजे.

फोटोचा नियम जवळपास सगळीकडे सारखाच आहे. डोके आणि केस झाकलेले चालतात, पण हनुवटीपासून कपाळापर्यंत आणि चेहऱ्याच्या दोन्ही कडा स्पष्ट दिसल्या पाहिजेत. आधारच्या मार्गदर्शक सूचनांत पडदा किंवा घुंगट घेणाऱ्या महिलांचा वेगळा उल्लेख करून हेच सांगितले आहे. मतदार यादीतील फोटोबाबतचा आक्षेप मद्रास उच्च न्यायालयाने २००६ मध्येच फेटाळला आहे, त्यामुळे फोटोशिवाय ओळखपत्र मिळवण्याच्या प्रयत्नात वेळ घालवू नये. पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढरी ओढणी मिसळून जाते आणि चेहऱ्याची कड कळत नाही, म्हणून फोटोच्या दिवशी गडद रंगाचा हिजाब घालावा.

नावांकडे तर अधिकच लक्ष द्यावे. एका कागदावर आडनाव आधी, दुसऱ्यावर शेवटी, तिसऱ्यावर नावाला 'बी' किंवा 'बेगम' जोडलेले, चौथ्यावर वडिलांचे नाव आणि पाचव्यावर पतीचे, असा प्रकार अनेक घरांत आढळतो. अशा वेळी कर्मचाऱ्याच्या मनात आधी नावाबद्दल शंका येते आणि मग ती चेहऱ्यावर घसरते. आधार हा पाया धरून बँक, रेशनकार्ड आणि मतदार यादी यांतील नाव त्याच्याशी जुळवून घ्यावे. मतदार यादीतील नाव किंवा फोटो बदलण्यासाठी नमुना ८ भरावा लागतो. नमुना ६ नव्या नोंदणीचा आहे. तो पुन्हा भरल्यास यादीत दुबार नाव येण्याचा धोका असतो.

तपासा: सर्व ओळखपत्रे एका रांगेत मांडून घराबाहेरच्या एखाद्या महिलेला विचारा की ही सगळी एकाच व्यक्तीची वाटतात का. तिला विचार करावा लागला, तर कर्मचाऱ्यालाही लागणार.

## ३. निघण्यापूर्वीची तयारी

केस झाकणारा हिजाब वेगळा आणि चेहऱ्यावरचा नकाब वेगळा असेल, अशी रचना करावी. दोन्ही एकाच पिनेने अडकवलेले असतील, तर नकाब काढताना केसही उघडे पडतात, आणि मग पिना शोधत खिडकीसमोर उभे राहावे लागते. मागे बांधायचे बंद असलेला किंवा वर उलटता येणारा नकाब या कामासाठी सर्वात सोयीचा असतो.

हातमोजे घालत असाल, तर ते चटकन निघणारे असावेत. ठसे द्यायचे असतील, तर बोटांच्या टोकांवर ताजी मेंदी नसावी, कारण काही यंत्रांवर ठसा उमटत नाही. चष्म्याने फोटोत चमक येते, म्हणून तो काढण्याची तयारी ठेवावी.

सोबत कोणाला न्यावे, याचाही विचार करावा. पती किंवा भाऊ आल्यास हरकत नाही, पण "मी ओळखतो ना तिला" हे त्यांचे म्हणणे ओळखीचा पुरावा ठरत नाही. नाव, पत्ता आणि जन्मतारीख महिलेने स्वतः सांगावी. सोबतच्या पुरुषाने उत्तरे द्यायला सुरुवात केली की कर्मचाऱ्याचा संशय वाढतो, आणि एरवी लागला नसता असा प्रश्नोत्तरांचा फेरा सुरू होतो.

## ४. खिडकीवरचा क्रम

अ. टोकन घेण्यापूर्वी, म्हणजे स्वागतकक्षात किंवा पर्यवेक्षकाकडे, महिला कर्मचारी आणि आडोसा यांची विनंती करावी. खिडकीवर पोहोचल्यावर विनंती केली, तर मागे रांग ताटकळत असते आणि कर्मचारी आधीच वैतागलेला असतो. सर्वाधिक महिला हीच चूक करतात.

आ. विनंती नकारापासून सुरू करू नये. "मी चेहरा दाखवणार नाही" या वाक्याने दार बंद होते, मग पुढे कितीही समजावले तरी. त्याऐवजी असे म्हणावे: "साहेब, चेहरा दाखवायला माझी हरकत नाही, फक्त महिला कर्मचाऱ्याला आणि आडोशाला दाखवता येईल का?" या एका वाक्यात सहकार्य आणि अट दोन्ही येतात.

इ. आडोशाला गेल्यावर आधी ओळखपत्र कर्मचारी ताईंच्या हातात द्यावे आणि त्यांनी फोटो पाहून घेतल्यावरच नकाब उचलावा. उलट क्रमाने केल्यास त्या कागद शोधत असताना तुम्ही उघड्या चेहऱ्याने थांबून राहता.

ई. हनुवटीपर्यंत पूर्ण चेहरा दिसेल असा नकाब उचलावा. डोळे आणि नाक एवढेच दाखवून पडदा सोडला, तर दुसऱ्यांदा सांगतात, आणि दुसऱ्यांदा सांगताना स्वर बदललेला असतो.

उ. ओळख पटल्याची नोंद किंवा सही अर्जावर झाली का, हे विचारूनच पुढच्या टेबलावर जावे. नोंद नसेल, तर प्रत्येक टेबलावर तोच प्रश्न येतो.

सावधान: ओळख पटवण्यासाठी कर्मचाऱ्याने स्वतःच्या मोबाइलवर तुमचा फोटो काढू नये. फोटो आवश्यक असेल, तर तो कार्यालयाच्या यंत्रणेतच निघतो. मोबाइल पुढे आल्यास नकाब खाली घ्यावा आणि वरिष्ठांना भेटण्याची मागणी करावी.

महिला कर्मचारी मिळणे हा प्रत्येक कार्यालयात लेखी हक्क नाही, बऱ्याच ठिकाणी ती मागून मिळणारी सोय आहे. त्या दिवशी महिला कर्मचारी नसेल, तर शेजारच्या विभागातील कर्मचारी ताई किंवा दवाखान्यात परिचारिका यांची मदत घेता येईल का, हे विचारावे. तेही जमत नसेल, तर त्या असतील तो वार विचारून परत यावे. भांडून त्याच दिवशी काम करून घेण्यापेक्षा हे स्वस्त पडते.

## ५. आधार केंद्रावर

आधारवरचा फोटो घरबसल्या बदलता येत नाही, त्यासाठी केंद्रावर जावे लागते. फोटो हा बायोमेट्रिक माहितीचा भाग असल्याने त्याचे शुल्क १ ऑक्टोबर २०२५ पासून १२५ रुपये आहे. नोंदणीत चेहऱ्याच्या फोटोसोबत दहा बोटांचे ठसे आणि दोन्ही डोळ्यांच्या बुबुळांची प्रतिमा घेतली जाते, म्हणजे नकाब केवळ क्षणभर उचलून भागत नाही, काही मिनिटे बसावे लागते. पडदानशीन महिलांसाठी आडोसा आणि महिला ऑपरेटर किंवा मदतनीस असावी, अशी केंद्रांकडून अपेक्षा असते. गर्दीच्या केंद्रावर ते आपोआप होत नाही, म्हणून वेळ आगाऊ घेऊन, शक्यतो सकाळी पहिल्या तासात जावे.

इथे एक बारकावा हमखास सुटतो. भरलेली माहिती तपासता यावी म्हणून अर्जदाराच्या बाजूला दुसरा मॉनिटर असतो, आणि त्याचे तोंड अनेकदा बाहेर बसलेल्या लोकांकडे असते. कॅमेऱ्यासमोर आडोसा असूनही फोटो मात्र सगळ्या हॉलला दिसतो. बसण्यापूर्वीच तो मॉनिटर वळवून घ्यायला सांगावे. पांढरा पडदा मागे लावलेला असतो, त्यामुळे खुर्चीची दिशा बदलायची असेल, तर पडद्यासह बदलावी लागते. ऑपरेटरला हे आधी सांगितले, तर तो सहसा नाही म्हणत नाही.

तपासा: पोचपावती घेण्यापूर्वी मॉनिटरवर नावाची मराठी आणि इंग्रजी दोन्ही अक्षरे वाचा. अडचण आल्यास १९४७ हा मदत क्रमांक आहे.

पेन्शन घेणाऱ्या महिलांना हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत जाणे आता अनिवार्य नाही. जीवन प्रमाण आणि आधारचे चेहरा-पडताळणी ॲप वापरून हा दाखला घरातच, मुलीच्या किंवा सुनेच्या मोबाइलवरून देता येतो. नकाब वापरणाऱ्या वयस्कर महिलांना ही सोय फारशी माहीत नसते, हे विशेष.

## ६. मतदान केंद्रावर

सर्वाधिक गैरसमज इथेच आहेत, आणि नियमही सर्वाधिक स्पष्ट इथेच आहेत.

मतदानाच्या आठवडाभर आधी वस्तीतील महिलांनी मिळून बीएलओंना (आपल्या भागाची मतदार यादी सांभाळणारे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी) कळवावे की आपल्या केंद्रावर पडदानशीन मतदार किती आहेत. मतदान केंद्राध्यक्षांसाठीच्या निवडणूक आयोगाच्या सूचनांत अशा महिलांची ओळख पटवण्यासाठी आणि शाई लावण्यासाठी महिला मतदान अधिकारी आणि वेगळा आडोसा करण्याची तरतूद आहे. त्यासाठी खाट आणि चादर यांसारख्या साध्या साधनांचा वापरही चालतो. आयत्या वेळी मागितलेला पडदा मिळत नाही, आधी कळवलेला बहुधा मिळतो. सखी मतदान केंद्रात सर्व कर्मचारी महिला असतात, पण मतदाराला केंद्र निवडता येत नाही. आपले नाव ज्या यादीत आहे, तिथेच जावे लागते. महापालिका आणि ग्रामपंचायतीच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, त्यामुळे त्या वेळी स्थानिक यंत्रणेला पुन्हा कळवावे.

ओळखपत्र मूळच न्यावे. मतदान केंद्रात मोबाइल नेता येत नाही, त्यामुळे डिजिलॉकरमधील प्रतीवर विसंबून गेलेल्या महिलेला परत यावे लागते. मतदार ओळखपत्र नसल्यास आधार, पॅन, पासपोर्ट, वाहन परवाना, मनरेगाचे जॉबकार्ड, बँक किंवा पोस्टाचे फोटोसह पासबुक यांसारखे पर्यायी कागद चालतात. घरी आलेली मतदार माहिती चिठ्ठी मात्र एकटी चालत नाही.

आत गेल्यावर पहिला मतदान अधिकारी यादीतील नाव शोधतो आणि ते मोठ्याने वाचतो, म्हणजे पक्षांच्या मतदान प्रतिनिधींना ऐकू जाते. ओळख याच टप्प्यावर पटली पाहिजे. त्यामुळे कागद त्याच्या हातात देतानाच आडोशाची मागणी करावी. दुसऱ्या टेबलावर डाव्या हाताच्या तर्जनीला शाई लागते, नोंदवहीत सही किंवा अंगठा होतो आणि चिठ्ठी मिळते, म्हणून डाव्या हाताचा मोजा आधीच काढून ठेवावा. पहिल्या टेबलावर कोणी हटकले नाही म्हणून थेट पुढे गेलेल्या महिलेला नंतर यंत्राजवळ थांबवले गेले, तर गोंधळ मोठा होतो आणि सगळ्यांच्या नजरा वळतात.

चेहरा पाहण्याचा अधिकार मतदान अधिकाऱ्याचा आहे. उमेदवार, त्याचा प्रतिनिधी किंवा रांगेतील कार्यकर्ता "नकाब वर करा" असे सांगू शकत नाही. मे २०२४ मध्ये हैदराबादमध्ये एका उमेदवाराने बुरखाधारी महिलांची ओळखपत्रे आणि चेहरे स्वतः तपासल्याबद्दल गुन्हा दाखल झाला होता. प्रतिनिधीला खरोखर शंका असेल, तर त्याच्यासाठी नियमात मार्ग आहे: त्याने केंद्राध्यक्षांकडे २ रुपये अनामत भरून रीतसर आक्षेप घ्यावा. मग चौकशी केंद्राध्यक्ष करतात, आणि आक्षेप सिद्ध झाला नाही तर त्या महिलेला मतदान करू दिले जाते.

सावधान: तुमच्या नावावर आधीच कोणी मतदान करून गेले आहे असे कळल्यास परत फिरू नका. ओळख पटवल्यावर तुम्हाला प्रदत्त मतपत्रिका, म्हणजे कागदावरची वेगळी मतपत्रिका मिळते, यंत्रावर मतदान करता येत नाही. ही मागणी केंद्राध्यक्षांकडेच करावी.

## ७. पासपोर्ट, विमानतळ, परीक्षा आणि दवाखाना

पासपोर्ट सेवा केंद्रात फोटो आणि ठसे पहिल्याच, म्हणजे 'ए' खिडकीवर घेतले जातात. त्यामुळे विनंतीही तिथे पोहोचण्यापूर्वी करावी. विमानतळावर महिलांची अंगझडती पडदा लावलेल्या कक्षात महिला जवानच घेतात, खोळंबा होतो तो प्रवेशद्वारी ओळखपत्र पाहताना. तिथे महिला जवानाला बोलावण्यास सांगावे आणि त्यासाठी हाताशी जास्तीचा वेळ ठेवावा. चेहरा ओळखून विमानतळात प्रवेश देणारी डिजियात्रा ही सोय ऐच्छिक आहे, ती नाकारता येते. नीटसारख्या परीक्षांत धार्मिक किंवा पारंपरिक पेहरावातील उमेदवारांना तपासणीसाठी लवकर येण्याची सूचना असते. प्रवेशपत्रावरची वेळ पाळूनही दार बंद झाले, असे म्हणणाऱ्या मुलींनी बहुधा ही सूचना वाचलेली नसते.

दवाखान्यात उपचारासाठी चेहऱ्याची अट नसते, तपासणीसाठी वैद्यकीय गरज असू शकते. पुरुष डॉक्टर तपासत असतील, तर दुसरी महिला हजर असणे हा राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या रुग्ण हक्क सनदेतील हक्क आहे, तो निःसंकोच मागावा. तातडीच्या उपचारात ओळखीचा प्रश्न नंतरचा असतो.

## ८. दस्त नोंदणी

दुय्यम निबंधक कार्यालयात हक्कसोडपत्र, बक्षीसपत्र किंवा खरेदीखत नोंदवताना कॅमेऱ्यावर फोटो आणि अंगठ्याचा ठसा घेतला जातो. नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम ३८ नुसार, ज्यांना न्यायालयात व्यक्तिशः हजर राहण्यापासून कायद्याने सूट आहे, त्यांच्याकडे अधिकारी घरी जाऊ शकतात. चालीरीतीनुसार चारचौघांत न येणाऱ्या महिलांना ती सूट दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १३२ मध्ये आहे. यासाठी गृहभेटीचा अर्ज आणि शुल्क आधी भरावे. गृहभेटीतही फोटो आणि ठसा होतोच, फक्त जागा बदलते.

इथली खरी चूक नकाबाची नसते. घरच्यांनी आणलेल्या हक्कसोडपत्रावर मजकूर न ऐकता अंगठा दिला जातो, ही ती चूक. दस्त तुम्हाला कळणाऱ्या भाषेत पूर्ण वाचून घ्यावा, आणि तो वाचणारी व्यक्ती त्या दस्तातून फायदा होणाऱ्यांपैकी नसावी.

## ९. खिडकीच्या आत बसणाऱ्यांसाठी

ओळख पटवण्याची गरज आहे का, हे आधी ठरवा, सवयीने विचारू नका. गरज असेल, तर काय हवे आणि का, हे एका वाक्यात हळू आवाजात सांगा. महिला सहकारी, एक पडदा आणि एक खुर्ची एवढ्यात व्यवस्था होते. केस उघडे करायला सांगू नका, त्याची कोणत्याही ओळखीला गरज नाही. नकाबाला स्वतः हात लावणे तर पूर्णपणे वर्ज्य आहे, तो उचलणारा हात त्या महिलेचाच असला पाहिजे.

## १०. नकार मिळाला तर

चेहरा दाखवण्याची तयारी असूनही सेवा नाकारली, तर तिथेच वाद न घालता कारण लेखी मागावे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अधिसूचित सेवांच्या बाबतीत अर्ज फेटाळण्याची कारणे लेखी द्यावी लागतात. नकार मिळाल्यापासून किंवा मुदत संपल्यापासून ३० दिवसांत प्रथम अपील करता येते, आणि विनाकारण सेवा नाकारणाऱ्या पदनिर्देशित अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये शास्ती होऊ शकते. अपिलासाठी अर्जाची पोचपावती लागते. म्हणून आवक खिडकीवर अर्ज देणे हे चेहऱ्याच्या प्रश्नाच्या आधीचे काम आहे: अर्जच घेतला गेला नसेल, तर फेटाळला असे म्हणता येत नाही.

केंद्र सरकारच्या कार्यालयाविरुद्ध तक्रार सीपीग्राम्स या केंद्राच्या तक्रार संकेतस्थळावर आणि राज्याच्या कार्यालयाविरुद्ध 'आपले सरकार' संकेतस्थळावर करावी. तक्रारीत तारीख, वेळ, खिडकी क्रमांक, तुम्ही केलेली विनंती आणि मिळालेले उत्तर, एवढेच लिहावे. "अपमान केला" एवढ्यावर चौकशी पुढे सरकत नाही, "मी महिला कर्मचाऱ्यासमोर चेहरा दाखवण्यास तयार असल्याचे सांगितले, तरी अर्ज परत केला" यावर सरकते. नकाब जबरदस्तीने ओढला गेला असेल, तर मात्र हा तक्रार अर्जाचा विषय राहत नाही. त्यासाठी पोलीस ठाण्यात फिर्याद द्यावी आणि त्या वेळेचे सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवण्याची लेखी मागणी त्याच दिवशी कार्यालयाला द्यावी, कारण असे चित्रण काही दिवसांनी पुसले जाते.